मुक्काम खेड्यात की शहरात? आधी परतीची शेवटची गाडी बघा

प्रश्न थोडक्यात असा: सात रात्रींची सुट्टी आहे, डोंगर आणि तलावांच्या भागात जायचं आहे, बरोबर पाच आणि सात वर्षांची दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आजी आहे. गाडी भाड्याने घ्यायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. मुक्काम शांत खेड्यात करावा की जवळच्या गजबजलेल्या शहरात?

आधी उत्तर, मग कारणं. गाडी नसेल तर रेल्वे स्टेशन असलेलं खेडं शोधा. तसं मिळालं नाही तर शहरात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत, पण मुख्य चौकापासून दोन गल्ल्या बाजूला घर घ्या. ज्या खेड्यात फक्त बस जाते, तिथे मुक्काम तेव्हाच करा जेव्हा सातपैकी निदान तीन-चार दिवस तुम्हाला खेड्याबाहेर पडायचंच नाही. गाडी असेल तर चित्र बदलतं, पण वाटतं तेवढं नाही.

ही निवड लोक बहुतेक वेळा फोटो बघून करतात आणि फोटो भर दुपारचे असतात. दुपारी तुम्ही तिथे नसताच. फिरण्याच्या सुट्टीत मुक्कामाचं ठिकाण तुमच्या वाट्याला येतं ते सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या पुढे. म्हणून बघायच्या त्या तीनच गोष्टी: सकाळी बाहेर पडायला किती वेळ जातो, परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, आणि सहा ते दहाच्या दरम्यान त्या जागी तुम्ही काय करणार आहात. यातली मधली गोष्ट सगळ्यात वजनदार, आणि बुकिंगच्या वेळी सगळ्यात जास्त राहून जाते तीही हीच.

जाण्यायेण्याचा खरा वेळ

नकाशावर "शहर २५ मिनिटं" असं दिसतं तो वेळ फक्त गाडी चालू असतानाचा. घराच्या दारापासून मोजा. थांब्यापर्यंत चालायला ८ मिनिटं, गाडी चुकू नये म्हणून आधी पोचायला ५, प्रवास २५, शहरात उतरून दुसऱ्या गाडीपर्यंत जायला आणि ती सुटेपर्यंत १२. झाली ५० मिनिटं. जाऊन-येऊन १००. सात रात्रींच्या सुट्टीत पूर्ण दिवस मिळतात सहा. त्यातले पाच दिवस बाहेर पडलात तर ५०० मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त. एक अख्खा दिवस थांब्यावर आणि बसमध्ये गेला. तो खर्चायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण माहीत असताना ठरवा.

माझा नियम असा आहे: दारापासून पहिल्या प्रेक्षणीय ठिकाणापर्यंत किंवा मुख्य स्टेशनापर्यंत एका बाजूने ३० मिनिटांच्या आत असेल तर खेडं बिनधास्त घ्या. ३० ते ४५ असेल तर खेड्यात रमण्यासारखं काहीतरी ठोस असलं पाहिजे: दारातून सुरू होणाऱ्या पायवाटा, पोहता येईल असा तलाव, मुलांना मोकळं सोडता येईल असं अंगण. ४५ च्या पुढे गेलं तर ते फिरण्यासाठी मुक्काम करायचं ठिकाण राहत नाही. तिथे राहणं हीच सुट्टी समजून जायचं.

हे मोजताना प्रवास-नियोजनाच्या अॅपमध्ये "आत्ता" असं ठेवून बघू नका. तुम्ही जाणार त्याच महिन्यातला मंगळवार आणि रविवार असे दोन दिवस घाला, सकाळी ८.३० ला निघायचं असं सांगा आणि परतीसाठी संध्याकाळी ७ नंतरची वेळ टाका. दोन दिवसांच्या उत्तरांत मोठा फरक दिसला तर ते खेडं बसवर अवलंबून आहे आणि ती बस मुख्यतः शाळा आणि नोकरीसाठी धावते, पर्यटकांसाठी नाही.

बसचं वेळापत्रक वाचताना

इथे थोडं थांबतो, कारण खेड्यातले बहुतेक मुक्काम इथेच फसतात. ग्रामीण भागातल्या बसच्या वेळापत्रकात दिवसाला आठ-दहा फेऱ्या छापलेल्या दिसतात, पण प्रत्येक फेरीच्या डोक्यावर बारीक अक्षरात किंवा खुणेने एक अट असते. काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवशी असतात. तुम्ही जाणार सुट्टीत, म्हणजे नेमक्या त्या फेऱ्या तुमच्यासाठी नाहीत. काही फक्त कामाच्या दिवशी असतात, आणि कामाचा दिवस कुठला हे देशागणिक बदलतं: इटलीच्या वेळापत्रकात "फेरिआले" किंवा जर्मन भाषेत "वेर्कटाग" लिहिलेलं असेल तर त्यात शनिवारही येतो, फक्त रविवार आणि सणाच्या सुट्ट्या वगळल्या जातात. काही ठिकाणी संध्याकाळची शेवटची फेरी फोन करून बोलवावी लागते. तास-दोन तास आधी कळवलं नाही तर ती निघतच नाही. थांब्यावर उभं राहून वाट बघणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो.

अशा सगळ्या अटी लावून फेऱ्या पुन्हा मोजा. छापलेल्या दहातल्या चार उरल्या तर एक दिवस असा जातो: सकाळची गाडी ८.१० ला. मुलांचं आवरून, आजीला घेऊन थांब्यावर पोचेपर्यंत ८.१२. पुढची गाडी ९.४०. शहरात पोचायला १०.१०, तिथून तलावाच्या बोटीपर्यंत ११. परतीची शेवटची गाडी १८.२०, म्हणून बोटीवरून १७.१५ ला उतरलंच पाहिजे, म्हणजे शेवटची फेरी सोडून त्याच्या आधीची धरायची. दिवसभरात सहा तास मिळाले आणि त्यातला शेवटचा दीड तास घड्याळाकडे बघण्यात गेला. शहरात राहणाऱ्याला त्याच बोटीसाठी दोन मिनिटं उशीर झाला तर पुढची बोट मिळते आणि संध्याकाळी काठावर अंधार पडेपर्यंत बसता येतं. दोघांमधला फरक अंतराचा नाही, गाड्यांच्या वारंवारतेचा आहे. तासाला एक गाडी असेल तर दोन मिनिटांचा उशीर ५८ मिनिटांना पडतो. लहान मुलं बरोबर असताना दोन मिनिटांचा उशीर रोज होतो.

म्हणून भाड्याच्या मोटारीशिवाय जाणाऱ्यांसाठी किमान अट: दर अर्ध्या तासाला बस किंवा रेल्वे, आणि परतीची शेवटची रात्री ९ नंतर. एवढं जिथे मिळतं तिथे खेडं जवळजवळ शहराइतकं सोयीचं होतं आणि वर शांतता मिळते.

स्टेशन असलेलं खेडं

स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन आणि त्याच्या वरची खेडी हे याचं उत्तम उदाहरण आहे. इंटरलाकेन दोन तलावांच्या मधे, गजबजलेलं, चहूकडे गाड्या जाणारं. तिथून लाउटरब्रुनेनला रेल्वेने सुमारे २० मिनिटं लागतात आणि दर अर्ध्या तासाला गाडी असते. त्याच्याही वर वेंगन; तिथे मोटारींना जाताच येत नाही, गाडी खाली लाउटरब्रुनेनला ठेवून दातेरी रुळावरच्या रेल्वेने वर जायचं. वेंगन १,२७४ मीटरवर, इंटरलाकेन त्याहून सुमारे ७०० मीटर खाली. उंची दर १०० मीटर वाढली की तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं, म्हणजे वरच्या खेड्यात चार-साडेचार अंश गार. उन्हाळ्याच्या लाटेत हा फरक झोपेचा आहे. थंडीत लाउटरब्रुनेनसारख्या उभ्या कड्यांच्या अरुंद दरीत ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं, तर वेंगन कड्यावरच्या सपाटीवर असल्याने तिथे ऊन जास्त वेळ मिळतं. दोन्ही खेडीच, पण डिसेंबरमध्ये त्यांतून निवडायचं झालं तर मी उन्हाकडे बघून निवडेन.

इंटरलाकेन कोणासाठी? रोज वेगळ्या दिशेला जाणाऱ्यांसाठी. एक दिवस बर्न, एक दिवस ब्रिएन्झचा तलाव, एक दिवस डोंगरावर असं असेल तर वरून रोज खाली येऊन गाडी बदलण्यात अर्थ नाही. पाचपैकी चार दिवस डोंगरावरच जायचं असेल तर उलट: वेंगनमध्ये राहणारा आधीच अर्ध्या वाटेवर असतो. इथून एक सोपी कसोटी मिळते. बघायच्या जागा नकाशावर टाका आणि त्या कुठल्या दिशांना पसरल्या आहेत ते बघा. सगळ्या एकाच दरीत असतील तर त्या दरीतलं खेडं. चार दिशांना असतील तर जिथे मार्ग एकमेकांना मिळतात ते शहर.

हीच कसोटी इटलीच्या आमाल्फी किनाऱ्याला लावा. फोटोंत पोझितानो जिंकतं. पण तिथे रेल्वे नाही. रस्ता एकच, वळणावळणाचा, हंगामात तुंबणारा, आणि गावभर पायऱ्या. सोरेंतो हे त्याच्या अलीकडचं गजबजलेलं शहर, पण नेपल्सहून येणारी स्थानिक रेल्वे तिथे संपते आणि पाँपेई या प्राचीन रोमन शहराचे अवशेष त्याच मार्गावर, साधारण अर्ध्या तासावर आहेत. आजी आणि मुलं बरोबर असतील तर सोरेंतो. दोघंच असाल, पाय दणकट असतील आणि चार दिवस समुद्राकडे बघत बसायचं असेल तर पोझितानोत राहण्याचा आनंद मोठा आहे.

स्टेशन आहे असं लिहिलेलं असलं तरी ते कुठे आहे ते बघा. ऑस्ट्रियातल्या हालस्टाटचं स्टेशन तलावाच्या पलीकडच्या काठावर आहे. गावात यायला बोट लागते आणि ती बोट रेल्वेगाड्यांच्या वेळेला जुळवून सोडतात. रात्री उशिराची गाडी पकडून आलात तर गाव समोर दिसतं आणि जाता येत नाही. डोंगरी प्रदेशात स्टेशन दरीत आणि वस्ती दोनशे मीटर वर, असंही सर्रास असतं.

शांतता दिवसाच्या कुठल्या वेळी?

"शांत खेडं" हा शब्दप्रयोग फसवा ठरतो तो दोन बाबतींत. पहिली बाब पाहुण्यांची गर्दी. जी खेडी प्रसिद्ध आहेत ती सकाळी दहा ते दुपारी चार शहराहून जास्त गजबजलेली असतात, कारण सगळ्या सहलीच्या बस त्याच तासांत येतात. हालस्टाटची वस्ती हजाराच्याही आत. त्याच्या एका रस्त्यावर दुपारी उभं राहायला जागा नसते. जपानमध्ये शिराकावागोचंही तसंच: गवताच्या उभ्या छपरांची घरं, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत, आणि ताकायामा शहराहून बसने सुमारे ५० मिनिटांवर असल्यामुळे बहुतेक जण एका दिवसात येऊन जातात. अशा जागी खेड्यात राहण्याचा फायदा एकच आणि तो फार मोठा आहे: चारनंतर आणि नऊच्या आधी गाव तुमचं असतं. तो मिळवायचा तर दिवसाचा क्रम उलटा करा. सकाळी सात ते नऊ गावात फिरा, दहाला बाहेर पडा, पाचला परत या. हे न करता उशिरा उठून गावातच भटकलात तर गर्दीच पदरात पडेल. आणि एवढ्यासाठी तिथे एक, फार तर दोन रात्री पुरतात.

दुसरी बाब आवाजाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्रीच्या आवाजासाठी घराबाहेर ४० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. खोलीच्या आत ३० डेसिबल हा जुना निकष आहे. खेड्यात सरासरी आवाज यापेक्षा कमी असतो, पण झोप सरासरीने मोडत नाही, अचानक येणाऱ्या आवाजाने मोडते. दर पंधरा मिनिटांनी रात्रभर टोल देणारी घंटा, पहाटे चारचा कोंबडा, कापणीच्या दिवसांत पाचला सुरू होणारा ट्रॅक्टर, खेड्याच्या मधून जाणारा आणि दोन शहरांना जोडणारा एकमेव रस्ता. त्या रस्त्यावरून दर दहा मिनिटांनी एक ट्रक जात असेल तर शहरातल्या एकसारख्या गुणगुणीपेक्षा त्याचा त्रास जास्त. शहरातला त्रास वेगळा: खाली बार असेल तर रात्री दोनपर्यंत, आणि पहाटे कचऱ्याची गाडी आणि दुकानांचा माल. पण शहरात हा त्रास टाळता येतो. आतल्या चौकाकडे खिडकी असलेली खोली मागा. त्याच इमारतीत रस्त्याकडच्या आणि आतल्या खोलीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खेड्यातल्या घंटेपासून लपायला जागा नसते.

संध्याकाळ आणि पोट

खेड्यात जेवणाच्या दोन जागा असतील तर त्यातली एक आठवड्यात एक-दोन दिवस बंद असते आणि दुसरीचं स्वयंपाकघर आठ-साडेआठला बंद होतं. तुमची गाडी ८.४० ला पोचली की उपास. म्हणून खेड्यात राहायचं तर स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या, आणि पहिल्या रात्रीचं व दुसऱ्या सकाळचं सामान येताना शहरातून घेऊन या. रविवारी पोचणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. बऱ्याच देशांत रविवारी छोट्या गावातलं दुकान उघडतच नाही, आणि इतर दिवशीही दुपारी दोन-तीन तास बंद असतं. सुट्टीत स्वयंपाक करायचाच नाही असं घरात कोणी ठामपणे म्हणत असेल तर त्या माणसाचं ऐका आणि शहरात राहा. रोज संध्याकाळी "आज जेवायचं कुठे" हा वाद सुट्टी खराब करायला पुरेसा आहे.

बिगर हंगामात आणखी एक धोका. बर्फावरच्या खेळांची खेडी एप्रिलच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये अर्धी झोपलेली असतात. रोपवे देखभालीसाठी बंद, जेवणाच्या जागा बंद, भाडं मात्र आकर्षक. बेटांवर आणि समुद्रकाठच्या खेड्यांत हिवाळ्यात तीच गत. बुकिंग करण्याआधी रोपवे आणि बोटी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालतात ते त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा. शहर बाराही महिने चालू असतं, कारण तिथे लोक राहतात आणि नोकऱ्या करतात.

पावसाचा प्रश्नही इथेच येतो. डोंगराळ भागात सात दिवसांत दोन दिवस पावसाचे धरूनच चला. खेड्यात पावसाचा दिवस म्हणजे घर. घर मोठं, उबदार, खिडकीतून दिसणारं चांगलं असेल तर तो दिवस सुखाचा जातो. एका खोलीत दोन मुलं असतील तर अकरा वाजेपर्यंत सगळे कंटाळतात. त्यामुळे खेड्यात घर निवडताना एक खोली जास्त घ्या. शहरात उलट: संग्रहालय, पोहण्याचा तलाव, ग्रंथालय, झाकलेला बाजार हे सगळं चालत असतं, त्यामुळे तिथे खोली लहान असली तरी चालते. बरेचदा दोन्हींचं भाडं जवळपास सारखं निघतं आणि खेड्यात त्याच पैशात ती जास्तीची खोली मिळते.

आजी, मुलं आणि चढ

आजीसाठी अंतर न मोजता चढ मोजा. "थांब्यापासून ४०० मीटर" असं लिहिलेलं असतं. त्या ४०० मीटरमध्ये ६० मीटरचा चढ असेल तर तो १५ टक्के झाला. चाकाच्या खुर्चीच्या उतारासाठी सर्वसाधारण मर्यादा बारास एक, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास धरतात; हा चढ त्याच्या जवळजवळ दुप्पट. गिर्यारोहकांचा जुना हिशेब असा की सपाटीवर तासाला ५ किलोमीटर आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास. त्या हिशेबाने हे ४०० मीटर तरुण माणसाला ११ मिनिटांचे. गुडघे दुखणाऱ्याला पंचवीस, मधे दोनदा बसून. आणि हा चढ दिवसाच्या शेवटी, थकल्यावर येतो. बऱ्याच ऑनलाइन नकाशांत सायकलचा मार्ग काढून बघितलात तर चढ-उताराचा आलेख दिसतो. थांबा ते घर एवढाच मार्ग काढा.

मुलांसाठी कसोटी वेगळी: दुपारी दीड वाजता खोलीवर परतता येतं का? पाच वर्षांच्या मुलाला दुपारी तासभर आडवं होता आलं तर संध्याकाळ मिळते, नाहीतर चारला रडारड सुरू होते. शहरात मधेच परतता येतं, कारण बघायच्या जागा चालत किंवा पंधरा मिनिटांवर असतात. पन्नास मिनिटांवरच्या खेड्यात परतणं म्हणजे दिवस संपवणं. उलट खेड्यात मुलांना दाराबाहेर सोडता येतं, आणि ज्या दिवशी बाहेर पडायचं नाही त्या दिवशी त्यांच्यासाठी त्यासारखी जागा नाही. किशोरवयीन मुलांचं मात्र खेड्यात जमत नाही. त्यांना संध्याकाळी एकट्याने तासभर भटकता आलं पाहिजे, आणि त्यासाठी दिवे असलेला रस्ता आणि दुकानं लागतात.

औषधाचं दुकान आणि रात्री उघडा असलेला दवाखाना किती लांब आहे, हेही आजीच्या खात्यात धरा. अर्ध्या तासाच्या आत असावा. रात्री टॅक्सी कोणती, तिचा फोन नंबर घरमालकाकडून आधीच घेऊन ठेवा; अॅपवरच्या टॅक्सी लहान खेड्यांत सहसा मिळत नाहीत.

गाडी घेतली तर

गाडी असली की शेवटच्या बसची चिंता जाते आणि खेडं एकदम सोपं वाटतं. फक्त तीन गोष्टी लक्षात घ्या. घाटरस्त्यावर सरासरी वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर पडतो, त्यामुळे ३० किलोमीटर म्हणजे पाऊण तास किंवा थोडं जास्तच. चालवणाऱ्याला संध्याकाळी पूर्ण शुद्धीत आणि जागं राहावं लागतं. रोज अंधारात अनोळखी वळणं चढणारा माणूस तिसऱ्या दिवशी थकतो. आणि शहरात गाडी हे ओझं आहे: पार्किंग मिळत नाही, इटलीतल्या बऱ्याच शहरांच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेली तर कॅमेरा टिपतो आणि दंड नंतर गाडी भाड्याने देणाऱ्यामार्फत घरी येतो. यावरून सरळ हिशेब: गाडी घेणार असाल तर खेडं किंवा शहराबाहेरचं घर, आणि शहरात राहणार असाल तर गाडी घेऊ नका. शहरात राहून गाडी सात दिवस उभी करून ठेवणं हा सगळ्यात वाईट मेळ.

काही भागांत तर पाहुण्यांना स्थानिक बस-रेल्वे फुकट असते. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये सहभागी गावांत मुक्काम केला की कोनुस नावाचं कार्ड मिळतं, त्यावर त्या भागातल्या बस आणि लोकल गाड्यांतून फिरता येतं. अशी सोय खेड्यातल्या मुक्कामाच्या बाजूने मोठं वजन टाकते. कार्ड कुठल्या हॉटेलांत किंवा घरांत मिळतं ते बुकिंगआधी विचारा. सगळीकडे मिळत नाही.

एक अपवाद उंचीचा, आणि तिथे बाकी सगळे हिशेब मागे पडतात. २,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास होऊ शकतो आणि त्यात झोपण्याची उंची महत्त्वाची. पेरूमधलं कुस्को हे मोठं शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे. माचू पिचूकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं ओयांताय्ताम्बो हे गाव सुमारे २,८०० मीटरवर. विमानाने कुस्कोला उतरून पहिल्या रात्री तिथेच न राहता खालच्या गावात जाऊन राहिलं तर शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो, शिवाय रेल्वे दारात. आजीसाठी हा निर्णय सोयीचा नाही, तब्येतीचा आहे.

दोन्ही हवं असेल तर

सात रात्री असतील तर वाटून घेता येतं. पाचपेक्षा कमी असतील तर वाटू नका. जागा बदलण्याला अर्धा दिवस लागतो: सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, दुपारी तीन-चारला पुढची मिळणार, मधे सामान सांभाळायचं. सातमध्ये चार-तीन अशी विभागणी बरी. चार खेड्यात, तीन शहरात. क्रम हाच ठेवा: आधी खेडं, शेवटी शहर. परतीच्या दिवशी विमान किंवा लांबची गाडी असते आणि त्या सकाळी खेड्यातल्या एकुलत्या बसवर भरवसा ठेवणं चुकीचं आहे. फक्त पोचायची वेळ रात्री आठनंतरची असेल तर पहिली रात्र स्टेशनजवळ शहरात काढा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात खेड्यात जा. खेड्यातले घरमालक रात्री दहाला किल्ली द्यायला जागे राहत नाहीत, आणि अंधारात खुणेच्या झाडावरून घर सापडत नाही.

आठवड्याचे दिवसही जुळवा. पर्यटकांची खेडी शुक्रवार-शनिवारी भरतात आणि महाग होतात, तर नोकरी-व्यापाराच्या शहरांतली हॉटेलं नेमकी शनिवार-रविवारी रिकामी असतात. सोमवार ते शुक्रवार सकाळ खेड्यात आणि शुक्रवार ते रविवार शहरात असं बसलं तर गर्दी आणि भाडं दोन्ही कमी लागतं. सोमवारी खेड्यातली जेवणाची जागा बंद असण्याची शक्यता जास्त, तेवढं पहिल्या दिवशीचं सामान बरोबर असू द्या.

आता तुमच्या प्रश्नाचं नेमकं. दोन लहान मुलं, गुडघे दुखणारी आजी, सात रात्री, डोंगर आणि तलाव: स्टेशन असलेल्या खेड्यात चार रात्री, तळमजल्यावरचं किंवा लिफ्ट असलेलं घर, स्टेशनपासून सपाट रस्त्याने पाच-सात मिनिटांवर. मग तलावाकाठच्या शहरात तीन रात्री, आतल्या बाजूची खोली. गाडी नको. असं खेडं त्या भागात मिळत नसेल तर सातही रात्री शहरात काढा आणि खेड्यांत दिवसाच्या सहली करा. बस-थांब्याच्या खेड्यात आजीला घेऊन जाऊ नका.

बुकिंगआधी घरमालकाला हे विचारा, लेखी: थांब्यापासून घरापर्यंत चढ आहे का आणि किती पायऱ्या आहेत, घरात शिरताना किती पायऱ्या आहेत, झोपायच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते, रविवारी आणि संध्याकाळी शेवटची गाडी किती वाजता, जवळचं दुकान आमच्या तारखांना उघडं असेल का, शेजारी किंवा रस्त्यावर बांधकाम चालू आहे का. भाड्याच्या घरांच्या बऱ्याच साइटवर बुकिंग होईपर्यंत नकाशावरचा ठिपका अंदाजे असतो, त्यामुळे थांब्याचं नाव विचारून घ्या आणि तो थांबा तुम्ही स्वतः वेळापत्रकात शोधा. मागच्या पाहुण्यांचे अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावून त्यांत बस, चढ, पायऱ्या, घंटा आणि रस्ता हे शब्द शोधा. पाच तारे देणारा माणूसही मजकुरात ही माहिती लिहून जातो. घरमालकाने पायऱ्यांच्या प्रश्नाला "फार नाहीत" एवढंच उत्तर दिलं तर आकडा पुन्हा मागा, आणि आकडा येईपर्यंत पैसे भरू नका.